वाचकांचे प्रश्न : ड्रोन, लिडार आणि आपले चिऱ्यांचे किल्ले

मागच्या अंकात हवेतून किल्ल्यांची थ्रीडी मोजणी कशी करतात यावर लिहिलं होतं, आणि त्यात एक मत ठामपणे मांडलं होतं की गोव्यात ही मोजणी आधी लहान, कोणी फारसं न बघणाऱ्या किल्ल्यांची व्हायला हवी, आग्वाद नंतर केलं तरी चालेल. त्यावर बरेच प्रश्न आले, काही रागाचेही आले. जागेत बसतील तेवढे घेतलेत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, हळर्णचा किल्ला आमच्यापासून जवळ आहे. तिथे फोटो हजारो लोक काढतात, ड्रोनचे व्हिडिओ पण यूट्यूबवर पडलेत. मग हे मॅपिंग म्हणजे वेगळं काय करतात? — एक वाचक, पेडणे

व्हिडिओ बघता येतो, मोजता येत नाही, सगळा फरक तिथेच आहे. यूट्यूबवरच्या व्हिडिओतून तुम्ही मला सांगू शकाल का की नदीच्या बाजूचा बुरूज तळापेक्षा वर किती सेंटिमीटर बाहेर झुकलाय? नाही सांगता येणार. मॅपिंगमध्ये ड्रोन ठरलेल्या उंचीवरून, ठरलेल्या रांगांनी, शेत नांगरावं तसा येरझाऱ्या घालतो आणि दर दोन-तीन सेकंदांनी फोटो काढतो. एका फोटोतला साधारण 80 टक्के भाग पुढच्या फोटोतही आला पाहिजे, आणि शेजारच्या रांगेशी 70 टक्के. असं केलं की भिंतीतला एकच चिरा दहा-पंधरा फोटोंत वेगवेगळ्या कोनातून दिसतो आणि सॉफ्टवेअर त्या कोनांवरून तो चिरा जागेवर नेमका कुठे आहे ते काढतं. आपले दोन डोळे अंतर काढतात त्याच तत्त्वावर, फक्त इथे डोळे शेकडो. अशा कोट्यवधी बिंदूंचा जो ढग तयार होतो त्याला पॉइंट क्लाउड म्हणतात, आणि त्यातून मग नकाशा, उंचसखलपणा, भिंतीचा छेद, जे पाहिजे ते काढता येतं.

एक इंची सेन्सरचा साधा 20 मेगापिक्सेल कॅमेरा 40 मीटरवरून उडवला तर फोटोतला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा साधारण एक सेंटिमीटर. पण नुसत्या वरून काढलेल्या फोटोंवर भागत नाही, किल्ल्याचं सगळं अंग उभं असतं, म्हणून कॅमेरा तिरका करून चारी बाजूंनी परत फेऱ्या माराव्या लागतात. हे बरेच जण टाळतात आणि मग मॉडेलमध्ये भिंती वितळलेल्या मेणबत्तीसारख्या येतात. आणि जमिनीवर खुणेचे फलक ठेवून त्यांचं अचूक जीपीएस मोजमाप घ्यावं लागतं. हे फलक किल्ल्याच्या भिंतीवर ठेवायचे नाहीत, बाहेरच्या पक्क्या कातळावर ठेवायचे, कारण आपल्याला भिंत हलली का तेच तर बघायचंय, आणि खूण पण तिच्याबरोबर हलली तर मग काय कळणार.

हळर्णबद्दल म्हणाल तर तो किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगीजांनी 1746 मध्ये घेतला, आणि त्या विजयाबद्दल तेव्हाच्या व्हाइसरॉयला मार्क्विस ऑफ अलोर्ना ही पदवी मिळाली. पोर्तुगालच्या सरदारांच्या यादीत आपल्या पेडण्यातल्या एका गावाचं नाव जाऊन बसलं, एवढं त्याचं महत्त्व. त्याची डागडुजी झाली ही चांगली गोष्ट आहे, पण डागडुजीच्या आधीची आणि नंतरची अशी दोन्ही मॉडेल्स असतील तर जुना चिरा कुठला आणि नवा कुठला हे पन्नास वर्षांनीही सांगता येतं. नाहीतर चार पावसाळे गेले की नवा चिरा पण काळा पडतो आणि सगळं सारखंच दिसायला लागतं.

आमच्याकडे नाणूसचा किल्ला आहे, पण सगळा झाडीत. वरून ड्रोन उडवला तर झाडंच दिसणार ना? लिडारने झाडांच्या खालचं दिसतं म्हणतात, ते खरं का? — कॉलेज विद्यार्थिनी, वाळपई

खरं आहे, पण लोक समजतात तसं नाही. लिडार म्हणजे लेझरचे किरण सोडून अंतर मोजणारं यंत्र. लिडारचा लेझर पानातून आरपार जात नाही, पानांच्या मधल्या फटीतून खाली जातो. सेकंदाला लाखो किरण सोडले की त्यातले बहुतेक पानांवर, फांद्यांवर आपटून परत येतात आणि थोडेसे जमिनीपर्यंत पोचतात. एका किरणाचे दोन-तीन प्रतिध्वनी पण येतात, पहिला शेंड्याचा, मधला फांदीचा, शेवटचा बहुतेक वेळा जमिनीचा. नंतर कंप्यूटरवर झाडाचे बिंदू वेगळे काढून टाकायचे आणि उरलेली उघडी जमीन बघायची. कंबोडियात अंकोरच्या भोवती 2012 मध्ये हेलिकॉप्टरमधून असं सर्वेक्षण केलं तेव्हा जंगलाखाली रस्ते, तळी, वस्त्यांचे चौकोन असं अख्खं शहराचं जाळं दिसलं, जिथे लोक शंभर वर्षं चालत होते पण कोणाला त्याची पूर्ण आखणी कळली नव्हती. ग्वाटेमालात माया लोकांच्या प्रदेशातही 2018 मध्ये तसंच समोर आलं, तिथे तर साठ हजारांच्या घरात बांधकामं मोजली गेली.

आता तुझा नाणूस. 1852 मध्ये दिपाजी राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध उठाव केला त्यात हा किल्ला आहे, म्हणजे सत्तरी तालुक्याच्या इतिहासात त्याची जागा फार वरची, पण जाऊन बघितलंस तर तट कुठे संपतो आणि रान कुठे सुरू होतं ते कळत नाही. इथे लिडारच पाहिजे, नुसत्या फोटोंनी होणार नाही. आणि तोही फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा पानगळ झालेली असते आणि खालचं गवत वाळून बसलेलं असतं. ऑगस्टमध्ये सत्तरीत लिडार उडवणं म्हणजे पैसे ओहोळात टाकणं.

एक सावधगिरी मात्र लक्षात ठेव, तू हे पुढे शिकणार असशील तर जास्तच. आपल्याकडे जमिनीवर सरळ रेषा खूप आहेत ज्या किल्ल्याच्या नाहीत. कुळागराचे (सुपारीच्या बागेचे) बांध, जुन्या डोंगरउतारावरच्या शेतीच्या पायऱ्या, चिरेखाणीचे चौकोनी खड्डे, खनिज मालाचे ढीग, हे सगळं लिडारच्या चित्रात तटबंदीसारखंच दिसतं. चिरेखाण तर अगदी पायासारखी दिसते कारण चिरे काटकोनातच कापतात. म्हणून चित्रात रेषा दिसली की आनंदाने ओरडायच्या आधी करवंदीच्या जाळीतून आत शिरून ती बघून यायची, आणि गावातल्या जाणत्या माणसाला विचारायचं की इथे आधी काय होतं. त्या माणसाला जे माहिती असतं ते कुठल्याच सेन्सरमध्ये येत नाही. असंच काम चांदरलाही करण्यासारखं आहे, जुनं चंद्रपूर, कदंबांची राजधानी, तिथला कोट आता घरांच्या आणि शेतांच्या मध्ये विरून गेलाय.

दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या किल्ल्याची भिंत कोसळल्याची बातमी येते. मॅपिंग करून ती पडायची थांबणार आहे का? खरं सांगा. — निवृत्त कर्मचारी, हळदोणे

मॅपिंगने भिंत थांबत नाही. पण ती कुठे पडणार आहे हे आधी कळू शकतं, बऱ्याचदा दोन-तीन पावसाळे आधी, आणि त्या वेळात माणूस काहीतरी करू शकतो. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या किल्ल्याची भिंत म्हणजे आरपार दगड नसतो. बाहेरून चिऱ्यांचा थर, आतून चिऱ्यांचा थर, आणि मध्ये माती, मुरूम, दगडाचे तुकडे भरलेले. चिरा म्हणजे जांभा, खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, पण त्यात भोकं भोकं असतात आणि त्या भोकांत पिवळट मातीसारखं असतं ते पावसाने हळूहळू धुवून जातं. मूळ बांधणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून वरून चुन्याचा गिलावा होता आणि बुरुजाच्या माथ्यावर पाणी बाहेर टाकायला पन्हळी होत्या. गिलावा गेला. पन्हळी मातीने बुजल्या. आता गोव्यात वर्षाला पडणारा 120 इंच पाऊस बुरुजाच्या माथ्यावर पडतो आणि त्याला बाहेर जायला वाट नाही, म्हणून तो आत मुरतो, आतली माती भिजून जड होते, फुगते, बाहेरच्या चिऱ्यांना ढकलते, आणि भिंत पोट काढते. गवंडी लोक हाच शब्द वापरतात, भिंतीने पोट काढलंय. एकदा पोट काढलं की पुढचा जोराचा जुलै आला की खलास. लोक म्हणतात रात्रीत पडली. रात्रीत पडत नाही हो, वर्षानुवर्षं पडत असते, आपल्याला दिसते त्या रात्री.

आता मॉडेल इथे काय करतं ते सांगते. पहिली गोष्ट म्हणजे माथ्याचा उंचसखलपणा सेंटिमीटरमध्ये मिळाला की कंप्यूटरवर त्यावर पाणी सोडून बघता येतं, कुठून वाहील, कुठे साचेल. बारदेशातल्या एका लहान किल्ल्याचं असं मॉडेल बघताना स्क्रीनवर एका बुरुजावर पाण्याचं निळं तळं साचलेलं दिसत होतं आणि त्या बुरुजाच्या बाहेरच्या अंगाचा छेद काढला तर बरोबर त्याच्याच खाली, मधल्या उंचीला, चिरे हातभर लांबीत बाहेर आलेले. जाऊन बघितलं तर माथ्यावर पन्हळीचं तोंड पानं आणि मातीने पूर्ण भरून त्यावर गवत उगवलेलं, बोट घातलं तर आत ओलसर काळी माती, आणि बाहेरच्या बाजूने त्याच रेषेत हिरवट शेवाळाचा पट्टा खाली उतरलेला. ती पन्हळ मोकळी करायला दोन माणसं आणि एक सकाळ पुरे आहे, पण कुठली पन्हळ मोकळी करायची ते कळायला हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे तुलना. पावसाच्या आधी मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर नोव्हेंबरमध्ये एकदा, त्याच खुणांवरून मोजणी केली आणि दोन पॉइंट क्लाउड एकमेकांवर ठेवले की जिथे फरक पडलाय तो भाग रंगाने वेगळा दिसतो. हे करायला फुकटची सॉफ्टवेअर पण आहेत, क्लाउड कम्पेअर म्हणून एक आहे ते सगळीकडे वापरतात. अचूकता दोन-तीन सेंटिमीटरची धरून चाला, म्हणजे त्यापेक्षा कमी फरक दिसला तर घाबरून जाऊ नका, तो मोजणीचाच असू शकतो, पण पाच-सहा सेंटिमीटर सरकलं असेल तर ते खरंच सरकलंय. केसासारखे तडे ड्रोनला दिसत नाहीत. त्यासाठी शिडी आणि डोळे.

समुद्राला लागून असलेल्या तटांचं अजून एक दुखणं असतं, खारं पाणी चिऱ्यात शिरतं, वाळतं, मीठ फुलतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो, आणि खाली लाटा पायातली वाळू-माती काढून नेतात. तिथे मोजणी ओहोटीलाच करावी लागते, अमावास्या-पौर्णिमेच्या जवळच्या मोठ्या ओहोटीला केली तर आणखी चांगलं, कारण पायाचा सगळ्यात खालचा भाग तेव्हाच उघडा पडतो. लाटा हलत असतात त्यामुळे फोटोंत त्या जुळत नाहीत, मॉडेलमध्ये पाण्याच्या जागी नुसता गोंधळ येतो, तो कापून टाकायचा.

आणि एक कळकळीने सांगते, पोट काढलेल्या भिंतीला बाहेरून सिमेंट फासू नका, कोणी फासत असेल तर पंचायतीत विचारा. सिमेंटने पाणी बाहेर यायची उरलीसुरली फट पण बंद होते आणि मग ती भिंत आणखी लवकर जाते. चुनाच पाहिजे. भिंतीतला पिंपळ पण ओढून काढायचा नाही, मुळं चिऱ्यांच्या मध्ये गेलेली असतात, ओढलं की चिरेच हातात येतात. किल्लेसफाईला येणाऱ्या मुलांचा उत्साह फार मोठा असतो आणि मला त्यांच्याबद्दल खरंच आदर आहे, पण एवढं त्यांना कोणीतरी आधी सांगायला पाहिजे.

माझ्याकडे छोटा ड्रोन आहे, शापोऱ्याला जाऊन मी स्वतः मॅपिंग करू का? परमिशन लागते का? — म्हापसा

लागते, आणि कृपा करून न घेता उडवू नका. देशात ड्रोनचे नियम 2021 चे आहेत. 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो, किंवा धंद्यासाठी न वापरता 2 किलोपर्यंतचा मायक्रो असेल तर पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण म्हणजे कुठेही उडवा असं नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय अजिबात नाही, 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांपर्यंत, त्याच्या बाहेरच्या ग्रीन झोनमध्ये 400 फुटांपर्यंत. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि 2023 पासून मोपा, आणि दाबोळी नौदलाचा तळ आहे म्हणजे तिथे आणखी कडक. त्यामुळे उडवायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटवरचा नकाशा उघडून आपला किल्ला कुठल्या रंगात पडतो ते बघायचं.

हे झालं आकाशाचं. किल्ला संरक्षित असेल तर ज्याच्या ताब्यात आहे त्या खात्याची वेगळी परवानगी. आग्वाद भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, शापोरा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे. अर्जात मोजणी कशासाठी आणि डेटा कोणाला देणार हे स्पष्ट लिहा, आणि खात्याला एक प्रत देतो असं स्वतःहून लिहा, त्याने फरक पडतो.

शापोऱ्यावर संध्याकाळी ‘दिल चाहता है’ सिनेमातल्या त्या जागेवर बसायला एवढी गर्दी असते की माणसांच्या डोक्यावर ड्रोन उडवणं धोक्याचंच आहे. सकाळी लवकर जा. थोडं ढगाळ असेल तर उत्तम, सावल्या कडक पडत नाहीत. आणि हिवाळ्यात कड्यावर घारी आणि समुद्रगरुडांची घरटी असतात, ते पक्षी ड्रोनवर झेपावतात, त्यात ड्रोनही जातो आणि पक्ष्यालाही लागतं. घरटं दिसलं तर त्या बाजूला जायचं नाही, मॉडेलमध्ये तेवढा कोपरा राहिला तर राहिला.

स्पष्ट बोलते, राग मानू नका. किल्ले पडतायत आणि तुम्ही नकाशे काढायच्या गोष्टी करता. तोच पैसा दुरुस्तीला लावा ना! — मडगाव

राग कशाला, प्रश्न बरोबर आहे. पण मोजणी न करता केलेली दुरुस्ती कशी असते ते आपण सगळ्यांनी बघितलंय, जिथे रस्त्यावरून दिसतं तिथे नवा चिरा बसतो, आणि पाठीमागे जिथे खरोखर भिंत जाणार असते तिथे कोणी जात नाही. मोजणीचा खर्च दुरुस्तीच्या मानाने अगदी थोडा असतो, आणि कुठे खर्च करायचा हे ती सांगते. रेईश मागूशचं उदाहरण घ्या. 1551 चा किल्ला, 1993 पर्यंत तुरुंग, मग पडीक. 2008 च्या सुमाराला काम सुरू झालं आणि 2012 मध्ये लोकांना उघडला, वारसा जपणारी इन्टॅक संस्था, हेलन हॅमलिन ट्रस्ट आणि राज्य सरकार एकत्र आले होते, वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा. आज तो बघा, नवा-जुना भांडत नाही. आधी अभ्यास, मग काम, हा क्रम पाळला की असं होतं.

आणि दुसरं कारण जास्त गंभीर आहे. जे गेलं ते परत उभं करायचं तर ते कसं होतं याची मोजमापं पाहिजेत. पॅरिसचं नोत्र दाम 15 एप्रिल 2019 ला जळलं, पण अँड्र्यू टॅलन नावाच्या कलेतिहासाच्या प्राध्यापकाने त्याआधी कितीतरी वर्षं त्याचं लेझर स्कॅन करून ठेवलं होतं, दुसरेही स्कॅन होते, आणि ते सगळं पुन्हा बांधताना कामाला आलं, डिसेंबर 2024 मध्ये ते परत उघडलं. टॅलन स्वतः 2018 मध्येच वारले होते. युगांडात कासुबीच्या राजसमाध्या 2009 मध्ये स्कॅन झाल्या आणि 2010 च्या मार्चमध्ये जळाल्या, मध्ये फार वेळही गेला नाही.

म्हणून मी लहान किल्ल्यांचा आग्रह धरते. आग्वादला उद्या काही झालं तरी त्याचे आराखडे आहेत, जुनी चित्रं आहेत, पर्यटकांचे लाखो फोटो आहेत. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या किल्ल्यांचे आराखडे आंतोनियु बोकार्रूने 1635 मध्येच एका ग्रंथात गोळा केले होते. पण बेतूलला साळ नदीच्या मुखावर शिवाजी महाराजांच्या काळात 1679 मध्ये बांधलेल्या किल्ल्याचा जो काही अवशेष उरलाय, किंवा फोंड्याचा मर्दनगड, ज्याच्यासाठी 1683 मध्ये व्हाइसरॉय स्वतः सैन्य घेऊन आला आणि संभाजीराजांनी त्याला परत पळवला, त्यांचं काय? तिथला एक चिरा कोणी गडग्याला (कुंपणाच्या भिंतीला) नेला तर तो कुठून नेला हे सांगणारा कागदसुद्धा आपल्याकडे नाही.

युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे किल्ले गेले, त्यात गोव्याचा एकही का नाही? — डिचोली

जुलै 2025 मध्ये जी नोंद झाली त्यात 12 किल्ले आहेत, 11 महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. आपल्याला सगळ्यात जवळचा सिंधुदुर्ग. गोव्याच्या नावावर जुन्या गोव्याची चर्चेस 1986 पासून आहेत, आणि कोकणातल्या कातळशिल्पांचा जो प्रस्ताव तात्पुरत्या यादीत आहे त्यात आपलं पणसायमळ आहे. अशा कुठल्याही प्रस्तावाला वारशाची नेमकी हद्द आणि भोवतालचा राखीव पट्टा नकाशावर दाखवावा लागतो, आणि आपल्या बऱ्याच लहान किल्ल्यांची हद्द सर्व्हे प्लॅनवर धड उमटलेली नाही. अर्धा तट कोणाच्या तरी भाटात (माडांच्या बागेत) असतो, खंदक बुजवून वाट केलेली असते. हे आधी निस्तरायला हवं.

मी हायस्कुलात शिकवतो. ड्रोन आम्हाला परवडणार नाही, मुलांना घेऊन मोबाइलवर काही करता येईल का? काब द रामला सहल नेतो दरवर्षी. — शिक्षक, काणकोण

सर, नक्की करता येईल, आणि मला तर हेच जास्त हवंय. मोबाइलवर अख्खा किल्ला होणार नाही, एक दरवाजा घ्या, एक तोफ घ्या, बुरुजाचा एक कोपरा घ्या. मुलांना सांगा की एका जागी उभं राहून मोबाइल फिरवायचा नाही, स्वतः पाऊल पाऊल सरकत जायचं आणि प्रत्येक पावलाला एक फोटो, मागच्या फोटोतला बराचसा भाग पुढच्यात आला पाहिजे. एक फेरी छातीच्या उंचीवरून, एक बसून. झूम नाही, फ्लॅश नाही, फिल्टर अजिबात नाही. चित्रात एक मोजपट्टी किंवा एक मीटरची काठी दिसू दे, नाहीतर मॉडेल तयार होतं पण त्याचं माप कळत नाही. शाळेच्या कंप्यूटरवर मेशरूम नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालतं का बघा, ग्राफिक्स कार्ड चांगलं नसेल तर चालणार नाही, मग जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात विचारा, तिथली मुलं मदत करतात.

काब द रामला तटाच्या कडेला उभं राहून फोटो काढू देऊ नका, खाली सरळ समुद्र आहे. आतल्या सेंट अँथनीच्या चॅपेलजवळचा भाग सुरक्षित आहे, तिथून सुरू करा. हा किल्ला पोर्तुगीजांकडे गेला 1763 मध्ये सोंद्याच्या राजाकडून, त्याआधीच्या आणि नंतरच्या बांधकामात चिऱ्याचा आकार, चुन्याचा थर वेगळा दिसतो का हे मुलांना शोधायला लावा, मॉडेलवर मोजून. आणि दरवर्षी जाताय तर दरवर्षी तोच कोपरा, तिथूनच, त्याच महिन्यात घ्या. तारीख फाइलच्या नावातच घाला. मूळ फोटो पुसून टाकू नका, मॉडेल परत करता येतं, फोटो परत काढता येत नाहीत.

हे सगळं मॉडेल ऑनलाइन टाकलं तर गुप्तधनवाल्यांना नकाशाच दिल्यासारखं नाही का होणार? आमच्याकडे अमावास्येला खणलेले खड्डे सापडतात. — केपे

तुमची भीती अनाठायी नाही. म्हणून जगभर जे करतात तेच करायचं, पूर्ण बारकाव्याचा डेटा पुरातत्त्व खातं आणि अभिलेखागार यांच्याकडे ठेवायचा, निदान दोन वेगवेगळ्या जागी, आणि लोकांसाठी कमी बारकाव्याचं मॉडेल उघडं करायचं. प्रसिद्ध किल्ल्यांचं सगळं दाखवलं तरी चालतं. पण झाडीतल्या, अजून कोणी अभ्यास न केलेल्या जागांची नेमकी जागा लिडारच्या चित्रासकट फेसबुकवर टाकायची नाही, कितीही मोह झाला तरी. वाळपईच्या मैत्रिणीला वर लिहिलंय, तिनेही हे वाचावं.

उलट बाजूही आहे. खड्डा खणलेला आहे हे सिद्ध करायला पोलिसांना आधीचा पुरावा लागतो, आणि मागच्या वर्षीच्या मॉडेलमध्ये तिथे सपाट जमीन असेल तर तो पुरावा तयारच असतो. खड्डा दिसला तर त्यात उतरू नका, बुजवू नका, मोबाइलवर लोकेशन चालू ठेवून फोटो काढा, बाजूला पट्टी किंवा निदान पेन ठेवा, आणि पोलीस स्टेशनला आणि पुरातत्त्व खात्याला दोन्हीकडे लेखी द्या. पोचपावती घ्या.